नमुन्यातला मुलगा

"ह्या भिंतीवर काही चिकटणार नाही," बाई म्हणाल्या. "डिस्टेंपर आहे. दर दिवाळीला देते मी."

नीरजनं ऐकून न ऐकल्यासारखं करून पिवळी चिठ्ठी भिंतीवर दाबली. ती पडली. दुसरी दाबली, तीही पडली. पुण्याच्या भिंती कशा गुळगुळीत असतात ते तो सांगत होता, तेवढ्यात बाईंनी आतून वाटीत कणकेची खळ कालवून आणली आणि म्हणाल्या, "हे घे. लग्नाच्या पत्रिकांची पाकिटं इतकी वर्षं ह्यानंच चिकटली आहेत."

अशा रीतीनं मिरजेत, आमच्या वधूवर सूचक केंद्रात, डिझाईन स्प्रिंट, म्हणजे पाच दिवसांत अ‍ॅपचा नमुना बनवून लोकांना दाखवायची नीरजची पद्धत, सुरू झाली. मुहूर्त सोमवारचा. नारळ तेवढा फोडायचा राहिला.

बाई म्हणजे केतकरबाई, केंद्राच्या मालकीण. नवरा गेल्यावर त्यांनी दिवाणखान्यात हे केंद्र काढलं आणि सांगली-मिरजेतली निम्मी लग्नं जुळवली. नीरज त्यांचा भाचा. पुण्यात तो लोकांना अ‍ॅप बनवून द्यायचा. "मावशी, अ‍ॅप काढलं नाहीस तर दोन वर्षांत कुलूप लागेल," असं तो फोनवर इतक्यांदा म्हणाला, की बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "ये बाबा, काय करायचं ते कर." आणि मी पेंढारकर. केंद्रातला एकमेव नोकर. कपाटातल्या फायली, बाहेरचा बाक आणि टेलिफोन, एवढं माझं राज्य.

"तर प्रश्न पहिला," नीरज म्हणाला. "आपला यूजर कोण? कुणासाठी बनवतोय आपण हे?"

"मुलीचा बाप," बाई म्हणाल्या.

"मुलाची आई," मी म्हणालो.

"आणि मुलगी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे. इतक्या वर्षांत हा विचार आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता, हे कबूल करायला काय हरकत आहे? मुली यायच्या, बापाशेजारी बाकावर बसायच्या, फाईल बापाच्या मांडीवर असायची. मुलीला ती दिसायची ती वाकून, आणि तीही उलटी.

नीरजची पद्धत अशी, की आपली जी काही अडचण असेल ती 'आपण कसं करू शकू' असं म्हणून चिठ्ठीवर लिहायची. बाईंनी चष्मा लावून सावकाश लिहिलं, "आपण कसं करू शकू, की मुलाकडच्यांनी 'कळवतो' म्हणायचं सोडून एकदाचं खरं सांगावं?"

"'कळवतो' म्हणजे?" नीरजनं विचारलं.

"म्हणजे नाही," मी म्हणालो.

बिचाऱ्याला आमच्या धंद्याची भाषाच ठाऊक नव्हती. मी त्याला शिकवली. आमच्याकडे सरळ नकार कोणी देत नाही. मुलगी सावळी वाटली, तर पत्रिका जुळत नाही. बाप फार बोलला, तर मुलाचा सध्या विचार नाही. दुसरीकडे जमतंय असं दिसलं, तर घरात आजारपण आहे. हे सगळं मुलीच्या घरी फोन करून सांगायचं काम माझं. त्यासाठी माझा एक खास आवाज होता. मऊ, थोडा खाली आलेला, कुणाच्या घरी समाचाराला गेल्यावर लावतात तसला. बाई म्हणायच्या, "पेंढारकर, तुमच्या तोंडून नकारसुद्धा प्रसादासारखा वाटतो." मला ते भूषण वाटायचं.

ह्या आवाजाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे तारळेकरांचं घर. तारळेकर रेल्वेतून निवृत्त झालेले, सरळमार्गी, जरा बोलके. त्यांची मुलगी मंजिरी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. तिशी ओलांडलेली. दिसायला चांगली, पण हजरजबाबी. आमच्या धंद्यात हा दोष पत्रिकेतल्या मंगळापेक्षा वाईट. एका मुलाच्या आईनं विचारलं, "स्वयंपाक येतो का?" तर ही म्हणाली, "येतो. त्यांना येतो का?" ती पत्रिकाही जुळली नाही.

दर रविवारी ती वडिलांबरोबर यायची. वडील फाईल चाळायचे आणि ती माझ्या टेबलाशी उभी राहून, "काय, आज कुणाच्या घरात आजारपण?" म्हणून विचारायची. मी हसायचो. ती गेली की पुढचा रविवार येईपर्यंत मला आठवडा फार लांब वाटायचा. सरळच सांगतो, मला ती आवडायची. नुसती आवडायची नाही, तिच्या स्थळाचं कुठं जमत नाही म्हणून फोन करताना माझा आवाज खाली यायचा आणि मन वर यायचं.

मग बोललो का नाही? एक तर मी छत्तीस वर्षांचा, जाड भिंगाच्या चष्म्याचा, केंद्रातला कारकून. माझी स्वतःची फाईल त्याच कपाटात खालच्या कप्प्यात होती, आणि तिला फक्त झुरळांनी हात लावला होता. दुसरं म्हणजे बाईंचा नियम. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी, "इथं काम करणाऱ्यानं इथली मुलगी बघायची नाही. उद्या लोक म्हणतील, चांगली स्थळं हेच ठेवून घेतात." मी तो शब्द पाळला होता.

आणि आता तर बेळगावचं स्थळ आलं होतं. मुलगा प्राध्यापक, माणसं सज्जन, तिचा हजरजबाबीपणा आवडलेली. चौकशी करायला बाईंनी मलाच पाठवलं होतं. काहीतरी खोट निघावी म्हणून मी शेजारीपाजारी, वाण्याकडे, कॉलेजच्या शिपायाकडे, सगळीकडे विचारून आलो. कुणी एक वाईट शब्द बोलेल तर शपथ. तारळेकरांनी रविवारी बेळगावला जाऊन उत्तर देतो म्हणून सांगितलं होतं. तो रविवार ह्याच आठवड्यातला.

तर माझ्या डोक्यात हे, आणि नीरजच्या डोक्यात अ‍ॅप. मंगळवारी आम्हाला चित्रं काढायला लावली. फोनच्या पडद्यावर काय दिसावं त्याची. बाईंनी गणपती काढला. बुधवारी मतदान होतं. आवडलेल्या चित्रावर लाल गोल चिकटवायचे होते. गोल तो पुण्याला विसरून आला होता. बाईंनी टिकल्यांचं पाकीट काढून दिलं. शेवटचा निर्णय ज्याचा, त्याला मोठं मत असतं असं नीरज म्हणाल्यावर त्यांनी स्वतःसाठी नवरात्रातली रुपयाएवढी टिकली बाजूला ठेवली. ती त्यांनी गणपतीलाच लावली. म्हणून आमच्या अ‍ॅपवर आजही आधी गणपती येतो आणि मग मुलं येतात.

गुरुवारी नमुना बनवायचा होता. नमुना म्हणजे खरं अ‍ॅप नाही, नुसता देखावा. नाटकातला वाडा असतो तसा, पुढून सज्जा आणि मागं बांबू. त्यात दाखवायला नीरजला मुलांचे फोटो हवे होते.

"माझ्याकडचे फोटो मिळायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "लोकांची मुलं आहेत ती. विश्वासानं दिली आहेत."

मग नीरजनं स्वतःचा फोटो घातला, शेजारच्या सतारीच्या दुकानातल्या मालकांचा घातला, आणि माझ्याकडे वळला. "पेंढारकर, चष्मा काढा. खिडकीशी उभे राहा. अहो, हसू नका, नुसतं हसल्यासारखं करा."

फोटो काढला. खाली त्यानं भराभर लिहिलं. नाव कौस्तुभ. इंजिनिअर. पुण्यात स्वतःचं घर. स्वयंपाकाची आवड. मुलीनं नोकरी करावी अशी घरच्यांचीच इच्छा. मी वाचलं आणि म्हणालो, "अहो, असा मुलगा असता तर केंद्र कशाला हवं होतं?"

"नमुना आहे हो. उद्या पाच जणांना दाखवायचा, ते कसं वापरतात ते बघायचं आणि शिकायचं. बस."

पाच जणांची यादी बाईंनी केली. जवळ राहणारे, बोलावल्यावर येणारे. त्यात तारळेकरांची मंजिरी होती.

शुक्रवारी नियम असा, की नीरज समोर बसणार, यूजर फोन हातात घेणार, आणि मी कपाटाच्या बाजूला खुर्ची टाकून जे दिसेल ते चिठ्ठ्यांवर लिहिणार. बोलायचं नाही. मान हलवायची नाही. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. हा शेवटचा नियम मला सोपा होता, आयुष्यभर दुसरं केलं काय मी. आणखी एक नियम, की यूजर एकटाच हवा. वडीलमंडळी बाहेर बाकावर.

पहिल्या आल्या त्या सौ. दांडेकर, मुलीऐवजी स्वतः. "ती कामावर आहे. आणि बघायचं तर मलाच असतं," असं म्हणून त्यांनी नीरजच्या हातातून फोन घेतला. नीरजनं सांगितलं, हा नमुना आहे, ह्यातली मुलं खरी नाहीत. त्यांनी हो हो म्हटलं. मग सतारवाल्यांना मागं सारलं, नीरजला मागं सारलं आणि कौस्तुभवर थांबल्या. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोला," नीरज म्हणाला.

"काय बोलायचं? राजबिंडा आहे. खानदानी चेहरा. अशी मुलं हल्ली दिसतच नाहीत," असं म्हणत त्यांनी रिकामा पेला बाजूला धरला. तो मी घेतला. दर आठवड्याला त्या मला बघायच्या, आणि त्या घटकेलाही मी हातभर अंतरावर होतो.

दुसऱ्या मुलीनं, तिसऱ्या मुलीनंही कौस्तुभच पसंत केला. चौथे गृहस्थ मुलाचे वडील होते, चुकून आले होते, त्यांनी विचारलं की ह्याला बहीण आहे का. एकानंही मान वर करून कपाटाकडे पाहिलं नाही. माझ्याच थोबाडाला पुण्यात घर मिळताच ते राजबिंडं झालं होतं. मला माझाच हेवा वाटला, आणि थोडी शिसारीही आली.

मंजिरी शेवटची. तारळेकर आत येऊ लागले तेव्हा नीरजनं त्यांना बाकाकडे वळवलं. "अहो, पण मी बघितल्याशिवाय ती कशी बघणार?" असं ते म्हणाले, तर बाईंनी त्यांच्या हातात चहा दिला. ती एकटी आत आली. खुर्चीवर बसली. तिनं फोन घेतला.

पडद्यावरून सतारवाले गेले. नीरज गेला. कौस्तुभवर ती थांबली. बराच वेळ नुसती पाहत राहिली.

"मोठ्यानं बोला ना," नीरज म्हणाला. "मनात येईल ते."

"हे मोठ्यानं बोलायचं नसतं," ती म्हणाली.

मी लिहायला मान खाली घातली. तेवढ्यात टिचकी ऐकू आली. तिनं हिरवं 'पसंत' दाबलं होतं.

"खाली माहिती आहे. ती नाही वाचलीत?"

"काय वाचायचं? माहिती सगळ्यांची सारखीच असते," असं म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवला. "झालं ना? जाऊ?"

ती दाराशी जरा रेंगाळली असं मला वाटलं. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. नीरजनं आनंदानं चिठ्ठीवर लिहिलं, "माहितीचा भाग लहान करावा. लोक वाचत नाहीत." खाली आणखी एक लिहिलं, "न वाचता निवडलं, का?" आणि दोन्ही खळ लावून भिंतीवर चिकटवल्या.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो तो धुमसत. म्हटलं, वा. इतरांचं ठीक आहे. पण हिला माणसाची पारख आहे असं समजत होतो मी. इतके रविवार माझ्या टेबलाशी उभी राहून हसली, बोलली, आणि शेवटी पुण्यातल्या घरावर भाळली. चष्मा काढला तर ओळखूसुद्धा आलो नाही. माझा राग कौस्तुभवर होता की तिच्यावर, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळी केंद्र उघडलं तो टेलिफोन वाजतच होता. सौ. दांडेकर.

"त्या कौस्तुभची पत्रिका पाठवून द्या."

"अहो वहिनी, तसा मुलगाच नाही. नीरजनं सांगितलं होतं ना, नमुना होता."

त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे, पेंढारकर. कळलं मला. आमची परिस्थिती त्यांना कमी वाटली असेल."

"तसं नाही हो. तो मुलगा खरोखरच अस्तित्वात नाही."

"तुम्ही किती छान शब्दांत सांगता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

थोड्या वेळानं दुसऱ्या मुलीच्या वडिलांचा. त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याहून वरचं कुणी सापडलं वाटतं. निदान पत्रिका जुळत नाही असं तरी म्हणायचं होतंत." नीरज डोक्याला हात लावून बसला. त्याच्या पुस्तकात हे कुठं लिहिलेलं नव्हतं. बाईंना मात्र हसू आवरेना. म्हणाल्या, "अरे, आम्ही इतकी वर्षं खोटं बोललो. आता एकाएकी खरं बोललो तर कोण विश्वास ठेवणार?"

मीही हसलो. तेवढा मूर्ख मी होतो.

दुपारी बाई आणि नीरज जेवायला आत गेले होते. दार वाजलं आणि मंजिरी आत आली. एकटी. केंद्रात ती एकटी कधीच आली नव्हती. लॅबमधून तशीच आली होती, खांद्याला पर्स, हातात डबा.

"पेंढारकर," ती म्हणाली. नेहमीचं आजारपणाचं विचारलं नाही. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "कालचं ते स्थळ. त्याचं पुढं काय करायचं असतं?"

मला आतून असं काही लागलं, की काय सांगू. सगळ्या दुनियेनं कौस्तुभ मागितला, आता हीसुद्धा. आणि लगेच दुसरी भीती आली, की फोटो कुणाचा ते हिला कळलं तर? हसेल. वडिलांना सांगेल. पुढचे सगळे रविवार संपले. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जन्मभराची सवय. मी घसा साफ केला, आणि कुठून कोण जाणे, माझा तो फोनवरचा आवाज लागला. मऊ, थोडा खाली आलेला.

"त्याचं असं आहे, मंजिरीताई, ते स्थळ नाही."

"नाही म्हणजे?"

"मुळातच नाही. नाव, नोकरी, घर, सगळं बनवलेलं."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "आणि फोटो?"

"फोटोही तसाच. जागा भरायला घातलेला. ज्याचा आहे, त्याच्या मनात तसलं काही नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की," मी म्हणालो. "गैरसमज नको म्हणून सांगतो."

"बरं." तिनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुम्ही खरंच छान सांगता. इतकी वर्षं बाबांच्या फोनमधून ऐकलं होतं, आज समोर उभं राहून ऐकलं." मग म्हणाली, "उद्या बेळगावला कळवायचंय. काय वाटतं तुम्हाला?"

"उत्तम स्थळ आहे. मी स्वतः चौकशी केली आहे. खोट काढायला जागा नाही."

हे मी म्हणालो. ह्या तोंडानं. ती मान हलवून गेली. डोळे तिचे लाल वाटले. लॅबमध्ये असतंच काहीतरी औषध नाकाडोळ्यांत जाणारं, असं मी स्वतःला समजावलं. आणि खरं बोलल्याचं समाधान मानून माझा डबा खाल्ला.

सोमवारी सकाळी नीरज परत निघायचा होता. भिंतीवरच्या चिठ्ठ्या ओळीनं लावून तो बाईंना आठवडाभराचं सार सांगत होता. पाच जण, पाच मुलाखती, नमुना यशस्वी. एवढ्या थोडक्या वेळात एवढं शिकायला मिळतं ते फक्त ह्या पद्धतीनं, कारण आपण यूजरच्या नजरेतून बघतो, असं त्याचं चाललं होतं. इतक्यात तारळेकर आले. अंगात नवा सदरा, हातात मिठाईचा डबा.

"बाई, जमलं एकदाचं," ते दारातूनच म्हणाले. "काल बेळगावला शब्द दिला. सुपारी पुढच्या आठवड्यात. घ्या, कुंदा घ्या, तिथलाच आहे."

बाईंनी देवापुढं साखर ठेवली. मी अभिनंदन केलं. आवाज नीट लागला. आवाजामागचं काही दिसत नाही हे ह्या धंद्याचं सुख आहे. तारळेकरांनी कुंद्याचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "तुम्हाला तर आधी. चौकशी तुम्ही केलीत."

नीरजला मात्र राहवेना. त्याची ती एक चिठ्ठी उत्तराविना राहिली होती. "काका, एक विचारू? शुक्रवारी मंजिरीताईंनी माहिती न वाचताच एक मुलगा पसंत केला. का, ते आम्हाला कळलं नाही. घरी काही बोलल्या का?"

तारळेकर हसायला लागले. "अहो, तो एक विनोदच झाला. बाहेर पडल्यावर मी विचारलं, काय ग, कसा होता मुलगा? इतक्या वर्षांत पहिल्यांदा ही म्हणाली, बाबा, मला पसंत आहे. मला तर धस्स झालं, आता बेळगावकरांना काय सांगू? म्हटलं, करतो काय? तर म्हणाली, केंद्रातच नोकरीला असतो. मी म्हटलं, वेडे, केंद्रात तर नुसते आपले पेंढारकर असतात. तर म्हणते कशी, 'हो, तेच.'"

बाईंचा हात डब्यावर थांबला. नीरजनं लिहायला पेन उचललं होतं, ते तसंच राहिलं.

"थट्टेखोर आहे, तुम्हाला ठाऊकच आहे," तारळेकर सांगत होते. "मी म्हटलं, तसं असतं तर मला काय नको होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला असता. इथंच मिरजेत, ब्राह्मणपुरीत राहिली असती, रोज डोळ्यांसमोर. मग शनिवारी म्हणाली, बाबा, मी केंद्रात जाऊन विचारून येते. परत आली ती सरळ म्हणाली, बेळगावला होकार द्या." ते माझ्याकडे वळले. "काय विचारलं होतं हो तिनं तुम्हाला?"

कुंदा माझ्या तळहातावर होता. बोटांना तूप लागलं होतं. तिघं माझ्याकडे बघत होते आणि मला शुक्रवारची ती खुर्ची दिसत होती. फोन टेबलावर ठेवून ती उठली होती, दाराशी रेंगाळली होती, आणि मी मान खाली घालून चिठ्ठी लिहीत होतो. तिनं मला चष्म्याशिवायही ओळखलं होतं. ओळखलं नव्हतं ते मी तिला. सांगावंसं वाटलं, ओरडून सांगावंसं वाटलं. पण शब्द बेळगावला गेला होता, आणि तिथली माणसं खरंच सज्जन होती. ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

"त्या स्थळाचीच चौकशी केली त्यांनी," मी म्हणालो.

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, असं स्थळ नाही."

तारळेकर माझ्याकडे बघत राहिले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस, गाडी आपल्या फलाटावरून गेली की नुसत्या आवाजावरून ओळखणारा. त्यांचं हसू हळूहळू कमी झालं. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरोबर सांगितलंत, पेंढारकर," ते म्हणाले. "पोरीला खोटी आशा लावायची नाही. असा सरळ माणूस मिळत नाही हल्ली. खा, खा ना. तोंड गोड करा."

आणि मी तो सगळा कुंदा, ते समोर उभे होते तोवर, खाल्ला.